एका रांगेला खत, एका रांगेला नाही

नंदन, मीरा, तुमच्या गावाभोवतीचे सूचिपर्णी जंगल एवढे मोठे आहे की त्याला खत घालायला हेलिकॉप्टर लागते, हे नंदनने कळवले तेव्हा मी ते वाक्य दोनदा वाचले. आमच्याकडे खत पाटीतून जाते आणि पाटी डोक्यावरून जाते. जंगलाला खत घालायचे असते हे नगरमध्ये कुणाला सांगितले, तर लोक माझ्या वयाकडे बोट दाखवतील. पण तसलीच झाडे आणि तेच खत मी यंदाच्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्याच्या डोंगरात पाहून आले. तुमची शालूआत्या तिथे काम करते. तुम्हाला प्रत्यक्ष नेणे जमेल तेव्हा जमेल. तोवर या कागदावरून नेते. शाल बरोबर घ्या, वर थंडी आहे.

नगर ते राजूर

माझी सामान बांधायची पद्धत तुमच्या बाबांना चांगली ठाऊक आहे. प्रत्येक नगाला चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव आणि कुठे जायचे ते गाव. होल्डॉल, फराळाचा डबा, थर्मास आणि शालूसाठी लोकरीचा स्वेटर, असे सगळे नावानिशी घेऊन मी मंगळवारी सकाळी एसटीत बसले.

राहुरीच्या पुढे रस्ता उसाच्या गाड्यांचा होता. बैलांच्या गळ्यातल्या घंटांमुळे ड्रायव्हरला हॉर्न वाजवायचे कारण नव्हते आणि वाजवून उपयोगही नव्हता. एका गाडीवर उसाच्या ढिगावर बसून एक बाई लेकराची वेणी घालत होती. गाडी हलत होती, वेणी मात्र सरळ येत होती. कोल्हारला प्रवरेचे पाणी दिसले. संगमनेरला गाडी बदलायची होती आणि तिथे माझ्या पद्धतीची परीक्षा झाली. मी चहा घेत होते तेवढ्यात हमालाने होल्डॉल नाशिकच्या गाडीच्या टपावर चढवला. चिठ्ठीवर "राजूर" असे मी ठळक अक्षरांत लिहिले होते, पण हमालाला वाचता येत असेल हे मी गृहीत धरले होते. कोंबड्यांची डाली मांडीवर घेऊन बसलेली एक बाई ओरडली, "ओ बाई, तुमचं बोचकं नाशकाला निगालं!"

नाशिकच्या ड्रायव्हरने गाडी थांबवली, कुरकुरत का होईना स्वतः टपावर चढला आणि बोचके खाली सोडले. मी त्याला एक लाडू दिला. तो म्हणाला, "आजी, आता तुमीबी बोचक्यासंगंच बसा." त्या कोंबडीवाल्या बाईचे नाव मी विचारले नाही, याची चुटपुट अजून आहे. तिच्यामुळे मला पाच दिवस पांघरूण मिळाले.

अकोल्याच्या पुढे ऊस संपतो आणि डोंगर सुरू होतात. राजूरच्या स्टँडवर शालू उभी होती. नऊवारी मी सोडली नाही आणि पाचवारी तिने सोडली नाही, पण पायात कॅनव्हासचे बूट आणि अंगात पुरुषी स्वेटर. मला पाहताच ती म्हणाली, "आई, साहेब शुक्रवारी येणार आहेत."

मी म्हणाले, "येऊ देत. आधी पाया पड."

तिने हसून नमस्कार केला, पण तो साहेब, म्हणजे तिच्या खात्यातला वरचा अधिकारी, तिच्या कपाळावर आठी होऊन बसला होता. भंडारदऱ्यापर्यंत दुसरी एसटी आणि तिथून पुढे किसनची बैलगाडी. किसन हा तिच्या झाडांचा राखणदार, चाळिशीचा, अबोल. सगळ्या वाटेत तो दोनदाच बोलला, आणि दोन्ही वेळा बैलांशी.

डोंगरावर

शालूचे घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. एका खोलीत ती राहते, दुसरीत झाडांच्या सुया कागदी पिशव्यांतून राहतात. दारात उभे राहिले की खाली धरणाचे पाणी, उजव्या हाताला कळसूबाईचा कळस आणि मागे उतारावर ती झाडे. सहा वर्षांपूर्वी लावलेली पाइनची झाडे आता माझ्या दीडपट उंच झाली आहेत. तुम्ही रोज पाहता त्या वृक्षांपुढे ही बालवाडीतली पोरे. पण वारा आला की त्यांचाही आवाज येतो, दूर कुणीतरी सुपाने धान्य पाखडत असल्यासारखा. वाडीतले लोक त्यांना "सुयाची झाडं" म्हणतात.

बुधवारी सकाळी शालूने मला तिचे काम दाखवले. मला समजले तसे सांगते. चुकले तर तिचा दोष नाही.

झाडाला वाढायला नत्र लागते. तुम्ही शाळेत त्याला नायट्रोजन म्हणता. हवेत तो वाटेल तेवढा आहे, पण या झाडांना हवेतला घेता येत नाही. समोर ताट वाढलेले आणि तोंड बांधलेले, अशी त्यांची गत. म्हणून युरियाचे खत घालायचे. पण घातलेले सगळे झाडाच्या पोटात जात नाही. खत टाकल्यावर पाऊस आला नाही, तर त्यातला बराच भाग अमोनिया होऊन उडून जातो. (मीराची दुपटी वाळत घालताना जो वास यायचा, तोच हा वायू.) उलट पाऊस फार कोसळला, तर नत्र पाण्याबरोबर मुळांच्याही खाली निघून जाते. मातीतले बारीक जीव आपला वाटा काढून घेतात. एवढ्यातून वाचेल ते झाडाला.

उडून गेलेले पकडायला शालूने जमिनीवर उपड्या भांड्यांखाली औषधाच्या बश्या ठेवल्या आहेत. वाहून गेलेले पकडायला मातीत बाटल्या पुरल्या आहेत. आणि झाडाने किती खाल्ले ते सुयांवरून कळते. हिवाळ्यात ती ठरावीक झाडांच्या सुया तोडते, वाळवते, पुण्याला तपासायला पाठवते. मला सगळ्यात आवडले ते हे: जुनी सुई गाळण्याआधी झाड तिच्यातले नत्र परत ओढून घेते. विरलेले लुगडे टाकण्याआधी आपण त्याचा जरीकाठ उतरवून घेतो ना, तसे. असल्या काटकसरी झाडाशी माझे लगेच जमले.

उतारावर झाडांच्या दोन पट्ट्या आहेत, खालच्या पायवाटेपासून वरच्या कड्यापर्यंत. मध्ये खोल चर, म्हणजे इकडचे पाणी तिकडे जाऊ नये. डावीकडच्या पट्टीला गेले दोन पावसाळे युरिया दिला, खालपासून वरपर्यंत. उजवीकडच्या पट्टीला काही दिले नाही. दोघींची तुलना करायची, म्हणजे खताने काय साधले ते कळेल. मोजायची झाडे आणि बाटल्या मात्र दोन्ही पट्ट्यांत खालच्या अर्ध्यातच आहेत, कारण वर खडक आहे आणि बाटली पुरता येत नाही.

हे ऐकत ऐकत मी अर्ध्या उतारापर्यंत चढले. तिथे एक सपाट धोंडा आहे. मी त्यावर बसले आणि गुडघ्यांना म्हणाले, पुरे.

"आता अडचण कुठे आहे?" मी शालूला विचारले.

ती पायाशी बसली. "ज्यांना खत दिलं त्यांच्या सुयांत जेवढं नत्र आहे, तेवढंच ज्यांना नाही दिलं त्यांच्या सुयांत आहे. बाटल्यांतल्या पाण्यातही तसंच."

"म्हणजे खत न घालताच भागतं!"

"साहेबही तेच म्हणतात. इथल्या मातीत मुळातच पुरेसं आहे, खत वाया जातंय, प्रयोग बंद करा. शुक्रवारी ते हेच ठरवायला येताहेत." तिने मूठभर माती उचलून माझ्यापुढे धरली. "पण आई, या मातीत काही नाही. खत घालायच्या आधी मी स्वतः तपासली आहे. इथली नागलीसुद्धा दोन वर्षं पिकली की शेत पडीक टाकावं लागतं. मग त्या उपाशी झाडांना नत्र येतंय कुठून? आकाशातून पडतंय का?"

तिच्या सहा वर्षांच्या कष्टांना उत्तर मिळणार होते, पण ते खोटे उत्तर आहे असे तिला वाटत होते आणि सिद्ध करता येत नव्हते. प्रयोग बंद झाला तर तिला पुण्याला टेबलामागे बसवतील आणि ही झाडे सरपणाला जातील. मी तिच्या हातातली माती पाहिली. तांबडी, हलकी, बोटांतून लगेच सुटणारी. मला मातीतले काही कळत नाही, पण मुलीच्या चेहऱ्यातले कळते.

तेवढ्यात शेळ्यांचा कळप आला आणि कळपामागून एक म्हातारी. ठेंगणी, काटक, डोक्यावर पदर घट्ट. ती किसनची आई, भीमाबाई. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"ह्या का ताईच्या आई? लई गोऱ्या हायेत. उनात बसू नगा, काळ्या व्हाल." मग शालूकडे वळून म्हणाली, "ताई, उद्या आक्काला माज्याकडं जेवाय धाडा. तुमच्या हातची खिचडी खाऊन मानूस चार दिसांत वाळंल."

शालूने मान्य केले. खिचडीबद्दल तिला काही बोलायला जागाच नव्हती.

भीमाबाईची पंगत

गुरुवारी शालू सकाळपासून सुयांची मोजदाद करत बसली होती. साहेबांपुढे मांडायला काही सापडते का ते पाहत होती. मी एकटीच भीमाबाईकडे गेले. कुडाचे घर, आत गारवा, सारवण इतके नितळ की चप्पल अंगणातच काढावीशी वाटली. तिची सून बाळंतपणाला माहेरी गेली होती, म्हणून चुलीपाशी तीच. मला तिने गूळ घातलेला कोरा चहा दिला. आपल्या घरी पाहुण्याला दूध नसलेला चहा दिला तर कमीपणा वाटतो. इथे तिने तो ऐटीत दिला आणि तो चांगला होता. गवती चहाची पात होती त्यात.

जेवायला हुलग्याचे शेंगोळे, नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी आणि खुरासणीची काळी चटणी. चटणी दिसायला कोळशासारखी आणि चवीला अशी, की मी तिसऱ्यांदा मागून घेतली. किसनचे, माझे आणि तिसरे तिचे, अशी पाने मांडलेली. पण ती बसेना. दारातल्या कुत्र्याला भाकरी, गाभण शेळीला शिळा भात, मांजराला कालवलेला घास, सगळ्यांचे झाल्यावर ती आपल्या पानावर बसली.

"आदी सगळ्यांच्या म्होरं पडाया पायजे," ती म्हणाली. "एक खातो आन् एक बगतो, आसल्या घरात लक्षुमी थांबत न्हाई."

आमच्या आईने हेच शिकवले होते. पंक्तिप्रपंच हे ती सगळ्यात मोठे पाप मानायची. मी तसे सांगितले आणि आमची गट्टी जमली. किसन जेवून हात धुवायला बाहेर गेला. मी झाडांची स्तुती केली. म्हणाले, किसनने फार छान राखली आहेत.

"त्यानं राखली, खरं हाय. पन ताईचं बी कवतिक हाय. भर पावसात इरलं डोईवर घिऊन पांढरी साखर घालीत फिरती." पांढरी साखर म्हणजे युरिया. मग ती माझ्याकडे सरकली आणि आवाज खाली आणला. "आक्का, एक सांगू? तिच्या कानावर घालायचं न्हाई. ताईला साखर पुरत न्हाई."

"म्हणजे?"

"एक वळ झाली का संपती. चराच्या पल्याडच्या वळीला काईच न्हाई. दोन पावसाळं बगते मी. सरकारनंच कमी धाडली आसंल, न्हाईतर तिचा आदमास चुकला आसंल. एकली बाईमानूस, कुनाला सांगनार? म्हनून म्या चकार शबूद काडला न्हाई."

मला काहीतरी उमजू लागले होते. "मग?"

"मग काय? पंगत बसली आन् वाढन निम्म्यात संपलं, तर तुमी काय करता?"

काय करतो ते मला पाठ होते. मीरा, तुझ्या आजोबांच्या साठीशांतीला श्रीखंड कमी पडले. शेजारच्या काकूंनी मागच्या दाराने पातेले आणले, पदराखाली झाकून. पंगतीत कुणाला कळले नाही, आणि काकूंनी पुढे कधी त्याचा उल्लेखही केला नाही. यजमानणीची झाकली मूठ उघडायची नसते.

"मागल्या दारानं आनता का न्हाई?" भीमाबाई म्हणाली. "तसंच केलं. माज्या शेळ्यांची लेंडी काय थोडी हाय? सगळी वाडी आवनीला खाचरात गेली का पाटी भरायची आन् उपाशी वळीला घालायची. मला काई आता वाकून भात लावाया जमत न्हाई, मी वरच आसते. दोनी पावसाळं घातली. ताईचं नाव राखलं."

आणि तिने माझ्या पानात आणखी एक शेंगोळे वाढले.

शालूला आकाशातून पडल्यासारखे वाटणारे नत्र कुठून येत होते ते मला कळले. ज्या पट्टीला काही द्यायचे नाही यावर सगळा प्रयोग उभा होता, तिला ही बाई मायेने जेवू घालत होती. आता मुलीला हे सांगायचे कसे, हा प्रश्न होता. पण उठण्याआधी मी भीमाबाईचे दोन्ही हात धरून तिचे आभार मानले, आणि ते मनापासून होते. सहा वर्षे मी नगरला बसून, मुलगी डोंगरावर एकटी आहे, या काळजीत होते. ती एकटी नव्हती.

तिन्हीसांजेचे बोलणे

शालूने सगळे ऐकून घेतले. हातातली पिशवी खाली ठेवली.

"दोन पावसाळे, आई," ती म्हणाली. "बाटलीतल्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवला. खत वाऱ्याने गेलं का, पाण्याने गेलं का. लेंड्या दिसायच्या, पण त्या येणाऱ्या-जाणाऱ्या शेळ्यांच्या समजले. माणूस आणून घालेल हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं."

मग ती तडक उठली. मी मागोमाग गेले, कारण तिच्या चालण्यात तिचे वडील दिसत होते. भीमाबाई शेळ्या बांधत होती, किसन शेकोटी पेटवत होता.

"भीमाबाई," शालू म्हणाली, "मला खत कमी पडलं नव्हतं. ती रांग मी मुद्दाम उपाशी ठेवली होती."

"मुद्दाम?" भीमाबाईच्या हातातले दावे सुटले. तिने शालूकडे पाहिले, मग माझ्याकडे. "आक्का, ही तुमचीच लेक न्हवं?"

किसनला आता कळले, आणि तोंड न उघडणारा तो माणूस भडकला. "आये! तुला कुनी सांगितलं हुतं हे झेंगट? माजी नोकरी जाईल उद्या!"

"तुला इचारून करायचं व्हय? तुज्या बापाला बी इचारलं न्हाई कदी!" ती त्याच्यावर खेकसली, पण लगेच ती खाली बसली. "म्या ताईची लाज राखाया केलं."

ते वाक्य शालूला पुरले. तिचा राग उतरताना मला दिसला. ती शेकोटीपाशी भीमाबाईच्या शेजारी टेकली.

"राखलीत, भीमाबाई. मला माहीत आहे. पण खाल्लेलं अंगी किती लागतं ते कळायला शेजारी न खाल्लेलं लागतं. नाहीतर कशाशी ताडून बघायचं?"

"आन् न खाल्लेलं मेलं म्हंजी?"

"मरत नाही. हळू वाढतं."

भीमाबाईला ते पटले नव्हते. ती विस्तवात काटकी टोचत राहिली. माझे गुडघे शेकोटीच्या उबेने सैल पडत होते, ते चोळता चोळता मी तिला सहज विचारले, "पाटी घेऊन चढायचात म्हणजे कमाल आहे. मला तर काल त्या सपाट धोंड्याच्या पुढे जाववेना. तुम्ही पार कड्यापर्यंत जात होता?"

"कुटलं हो! धोंड्यापातूरच. म्होरं गुडगं म्हनत्यात, तू जा, आमी हितंच बसतो. वरच्या बिचाऱ्या ऱ्हायल्या तशाच. लई वाईट वाटायचं."

शालूने मान वर केली. "वरच्या झाडांना तुम्ही कधीच घातलं नाही? एकदाही नाही?"

"न्हाई गं बाई. घालाया पायजे हुतं, पन न्हाई जमलं."

"नाही जमलं ते फार चांगलं झालं," शालू म्हणाली, आणि तिने त्या म्हातारीला मिठी मारली. भीमाबाईने माझ्याकडे असे पाहिले, जणू विचारत होती, या घराण्यात शहाणे कुणी आहे की नाही.

शुक्रवार

सकाळी मी त्या धोंड्याच्याही पुढे चढले. शालूने एका बाजूने धरले, दुसऱ्या बाजूने काठीने. वर माती कमी, खडक जास्त. पण तो दोन्ही पट्ट्यांत सारखाच. डाव्या पट्टीत युरिया कड्यापर्यंत घातलेला होता. उजव्या पट्टीत, वरच्या अर्ध्यात, काही म्हणता काही पडले नव्हते. तिथे मोजायचे काही नाही म्हणून शालू सुया तोडायला कधी आलीच नव्हती.

तिने दोन्ही बाजूंच्या झाडांवरून सारख्याच उंचीवरच्या फांद्यांच्या सुया तोडल्या. मी माझा पांढरा रुमाल खडकावर अंथरला. एकीकडे या, एकीकडे त्या. डावीकडच्या सुया लांब, गडद, हातात भरणाऱ्या. उजवीकडच्या आखूड आणि पिवळट हिरव्या. झाडावर असताना हा फरक उन्हात हरवत होता. पांढऱ्यावर शेजारी ठेवल्यावर मला चष्मासुद्धा पुसावा लागला नाही. पुढे पुण्याच्या तपासणीतही तेच निघाले: खत दिलेल्यांत नत्र जास्त, न दिलेल्यांत कमी. झाडे खत घेत होती.

साहेब दुपारी जीपने आले. मी मनात एक उग्र माणूस रंगवला होता. आले ते मफलर गुंडाळलेले, सर्दी झालेले, सौम्य गृहस्थ. शालूने त्यांच्यापुढे रुमाल मांडला आणि काही न लपवता सगळे सांगितले. किसन दाराबाहेर उभा होता, टोपी हातात. साहेबांनी नाक पुसले आणि म्हातारीला बोलवायला सांगितले.

भीमाबाई आली ती लढायच्या तयारीने.

"आजी, तुम्ही झाडांना शेण घातलंत म्हणे?"

"शेन न्हाई साहेब, लेंडी. शेन सारवायला लागतं."

"किती घातलीत?"

"हातात यील तेवडी."

"मोजली नाहीत?"

"वाढताना कुनी मोजतं व्हय?" भीमाबाई म्हणाली. "तुमच्या घरी मोजून वाढत्यात का?"

साहेबांना हसू आले, मग शिंका आल्या, मग पुन्हा हसू. मी त्यांना आल्याचा काढा करून दिला, तो त्यांनी गुणी मुलासारखा घेतला. रुमालावरच्या सुया त्यांनी खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिल्या. मग म्हणाले, प्रयोग चालू ठेवा. मोजायची झाडे आता वरच्या अर्ध्यात घ्या. खडकात बाटल्या पुरायला माणसे आणि पहारी पाठवतो. खालचा अर्धा भागही सोडू नका. शेळीच्या खतातले नत्र युरियापेक्षा जास्त टिकते का, तेही समजू दे. फक्त यापुढे आजींनी पाटी तोलून घालायची.

भीमाबाई पुटपुटली, "तोलून!" पण ती खूश होती. किसनची टोपी डोक्यावर गेली.

निघताना

शनिवारी सकाळी बैल जुंपलेले असताना भीमाबाई आली. "आक्का, वर यायचं माज्यासंगं? एकलीला न्हाई जमायचं." तिच्या डोक्यावर पाटी नव्हती.

आम्ही दोघी म्हाताऱ्या एकमेकींना धरून चढलो. कोण कुणाला धरत होते ते सांगणे कठीण. धोंड्याशी थांबून तिने दम घेतला, आणि मग ती दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या पुढे गेली. उजव्या पट्टीतल्या पहिल्या झाडावर तिने तळवा ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा.

"ताई म्हनती, तुमाला काई द्यायचं न्हाई," ती झाडाला म्हणाली. "मी तुमाला उपाशी ऱ्हावा आसं म्हननार न्हाई. तुमी उपास धरा. उपाशी ऱ्हानं येगळं आन् उपास येगळा. मी बी धरते तुमच्यासंगं, सोमवारचा. मग काई वाटायचं न्हाई."

शालू मागून येऊन उभी होती. भीमाबाई तिच्याकडे वळली. "उपासाला पारनं आसतं ताई. ह्यांचं पारनं कवा?"

शालूने क्षणभर विचार केला. मोठ्या गांभीर्याने, जणू साहेबांनाच सांगत असावी अशी, ती म्हणाली, "अजून दोन पावसाळे. त्यानंतरच्या दिवाळीला."

"मग त्या दिशी ह्यांना म्या वाढनार. तोलून न्हाई."

"तोलून नाही," शालू म्हणाली.

मी उपासतापास करणारी बाई नाही, हे तुमच्या बाबांना विचारा. पण नगरला परतल्यापासून दर सोमवारी मी फक्त दूध आणि फळावर असते, आणि त्या दिवशी माझी तब्येत उत्तम राहते. पारण्याला आपण सगळ्यांनी त्या डोंगरावर असायचे, असे मी ठरवून टाकले आहे. तुमच्या बाबांना आतापासून रजेचे बघायला सांगा.